नाथसागरातली मोजदाद : प्राणिप्लवकांच्या वर्षभराच्या नोंदी

३ जून

परवानगीचा कागद एकदाचा हाती पडला. अर्ज दिला तेव्हा थंडी होती. नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. हा पक्षी अभयारण्याचा भाग असल्यामुळे पाण्यात साधी बादली बुडवायची तरी कागद लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. टेबलांची संख्या जरा कमी असती तर बरं झालं असतं, एवढंच.

काम असं : दर पंधरा दिवसांनी तीन जागांवरून पाणी गाळायचं आणि त्यातले प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगत जगणारे बारीक जीव, ओळखून मोजायचे. 'अ' जागा मासे उतरवण्याच्या काठावर. 'ब' जिथे गावचा नाला पाण्याला मिळतो तिथे. 'क' आत, खोल पाण्यात. तिथे जायला होडी लागते आणि होडी परवडत नाही, म्हणून चप्पू. थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवून केलेल्या या तराफ्याला इकडे चप्पूच म्हणतात. चप्पू मामांचा. मामा गेली पस्तीस वर्षं इथे जाळं टाकतायत.

मामांनी माझं जाळं हातात घेऊन उन्हात धरलं. नायलॉनचं कापड, भोकं ५५ मायक्रॉनची, म्हणजे डोळ्यांना भोक दिसतच नाही.

"काय धरायलाव मॅडम ह्यात? मासोळीचं पिल्लू बी घावायचं नाही."

"किडे धरते मामा."

"किडे धरायचा पगार देतेत?"

"नाही. शिकवायचे तासाला देतात. किडे फुकट."

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाचं अर्थशास्त्र मामांना लगेच कळलं. त्यांचंही तसंच आहे, घावलं तर पैसे.

१७ जून

पद्धत पक्की केली. दहा लिटरची बादली पाच वेळा, म्हणजे ५० लिटर पाणी जाळ्यातून ओतायचं. खालच्या बाटलीत जे उरेल ते ५० मिली करायचं. यात सोय अशी की काचेच्या मोजणी-कप्प्यात १ मिली घेतला की तो थेट एका लिटरचा हिशोब होतो. सेजविक-राफ्टरचा हा कप्पा ५० मिमी लांब, २० मिमी रुंद आणि १ मिमी खोल असतो, बरोबर १ मिली मावतं. आमच्या प्रयोगशाळेत असा एकच आहे. कुलूपबंद कपाटात. किल्ली ज्यांच्याकडे असते ते दुपारी दोननंतर सापडत नाहीत.

दोन गोष्टी आधीच्या फसलेल्या नमुन्यांवरून शिकले. नमुना टिकवायला घालतात त्या नुसत्या फॉर्मॅलिनमध्ये पाणपिसवा, म्हणजे उड्या मारत पोहणारे बारीक कवचधारी जीव, फुगतात आणि पाठीवरच्या पिशवीतली अंडी बाहेर सांडतात. मग अंडी कुणाची ते कळत नाही. फॉर्मॅलिनमध्ये साखर घातली की हा प्रकार बराच थांबतो. दुसरी गोष्ट रोटिफरची, म्हणजे तोंडाशी केसांचं चक्र फिरवणाऱ्या त्याहून बारीक जीवांची. फॉर्मॅलिन लागताच ते अंग आक्रसून घेतात आणि सगळे सारखेच गोळे दिसायला लागतात. त्यांना आधी गुंगी द्यावी लागते, आणि त्यासाठी साधा सोडा चालतो. स्टँडवरच्या टपरीवाल्याला आता माहीत झालंय, या बाई सकाळी सहाला सोड्याची बाटली नेतात. त्याला काय वाटत असेल ते मी विचारलेलं नाही.

२ जुलै

आभाळ भरून येतं, पाऊस नाही. 'अ'वरचं पाणी हिरवट, कोमट. ब्रॅकिओनस, हा एक रोटिफर, भरपूर.

१६ जुलै

एसटी उशिरा आली, काठावर पोहोचेपर्यंत अकरा वाजले. तरी नमुना घेतला. संख्या एकदम निम्म्यावर. आनंद होण्याआधी लक्षात आलं की हा ऋतूचा बदल नव्हे, उन्हाचा. कोपेपॉड (लांब मिशांचे बारीक कवचधारी) आणि पाणपिसवा दिवसा उजेड चढला की खाली जातात आणि रात्री वर येतात. वर राहिले तर मासे त्यांना बघून टिपतात. नमुना बाद केला. इथून पुढे सकाळी सात ते नऊ, त्यानंतर पोहोचले तर बादली बुडवायचीच नाही.

मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "हे कामून इचारलं नाही मला? रात्री बॅटरी मारली की पाण्यात धूळ नाचल्यावानी दिसतंय. दिवसा नसतंय तसं."

२९ जुलै

पाणी आलं. इथे अजून नीट पाऊस नाही, शेतकरी दुबार पेरणीच्या चिंतेत, आणि धरणात मात्र लाल-तपकिरी पाणी शिरतंय. पाऊस नाशिकला पडला. गंगापूर, दारणा भरत आले की गोदावरीचं पाणी इथवर येतं. आमच्या धरणाचा पावसाळा आमच्या डोक्यावर पडतच नाही.

सेची तबकडी, म्हणजे २० सेंमीची काळी-पांढरी थाळी, दोरीला बांधून सोडली. एक वीत खाली जाते न जाते तोच दिसेनाशी झाली. ५० लिटर गाळायला नेहमीच्या चौपट वेळ, कारण जाळं गाळाने बसतं. कप्प्यात पाहिलं तर नुसती माती, तिच्यात एखादा नॉप्लियस (कोपेपॉडचं पिल्लू) धडपडत होता. पाणपिसवा जवळजवळ नाहीतच.

कारणं तीन, आणि ती एकमेकांत गुंतलेली. नवं पाणी जुन्याला पातळ करतं. प्रवाह जीवांना ढकलत पुढे नेतो. आणि गाळ. पाणपिसू पायांच्या केसांनी पाणी गाळून खाते, शेवाळाच्या पेशीबरोबर मातीचा कणही आत घेते. पोट भरतं, पोषण नाही. शिवाय गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही, म्हणून शेवाळच वाढत नाही. आमच्या भागातल्या तलावांवरचे अभ्यास वाचले तर पावसाळ्यात नीचांक आणि उन्हाळ्यात उच्चांक असं चित्र पुन्हापुन्हा येतं. वाचताना ते सरळ वाटतं. आज गुडघ्यापर्यंत चिखलात उभं राहून पाहिलं तेव्हा कळलं की त्या आलेखातला खाली उतरणारा टोकदार भाग म्हणजे हा चिखल.

१३ ऑगस्ट

मोजायला यंत्र मिळालं. प्रयोगशाळेतला काउंटर केव्हाच बंद पडलाय आणि नवीन मागितला तर 'पुढच्या बजेटमध्ये'. नाथ मंदिराबाहेरच्या दुकानात नामजपाची बोटात घालायची अंगठी मिळते, बटण दाबलं की आकडा पुढे सरकतो. चार घेतल्या, चार रंगांच्या. निळी रोटिफरला, हिरवी पाणपिसवांना, लाल कोपेपॉडना, पिवळी शिंपल्यासारख्या कवचातल्या ऑस्ट्रॅकोडना. दुकानदाराने विचारलं, "चार जणांसाठी का?" म्हटलं, हो.

पिवळी फारशी हलत नाही.

३० ऑगस्ट

माझीच चूक, आणि मोठी. ऑगस्टच्या बाटल्यांमधल्या चिठ्ठ्या मी जेल पेनाने लिहिल्या होत्या. आज उघडल्या तर कागद कोरे आणि पाणी निळसर. सहा बाटल्या, कोणती कुठली ते सांगता येत नाही. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, हे मी स्वतः दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून देते. १३ तारखेचा मोजून झालेला 'अ'चा नमुना तेवढा वाचला. ऑगस्टच्या 'ब' आणि 'क'च्या रकान्यात आडवी रेघ.

१८ सप्टेंबर

धरण भरलं. दरवाजे उघडलेत म्हणून अर्धं पैठण बघायला लोटलंय. कणसं, भेळ, फोटो. एकूण २७ दरवाजे, सगळे उघडे नव्हते. मी मात्र त्या फेसाळ पाण्याकडे पाहून हिशोब करत होते, दर सेकंदाला किती ब्रॅकिओनस नांदेडच्या दिशेने निघालेत.

'क'वर जाता आलं नाही. अशा पाण्यात चप्पू घालायला मामांनी साफ नाही म्हटलं, आणि बरोबर म्हटलं.

१६ ऑक्टोबर

गाळ बसला. तबकडी आता दोन हातांपेक्षा खाली दिसते. पाण्याला हिरवी झाक, आणि त्या झाकेमागोमाग खाणारे आले. आधी लहान रोटिफर, केराटेला आणि फिलिनिया. त्यांचं आयुष्य काही दिवसांचं आणि बहुतेक वेळ नराशिवायच पिल्लं होतात, त्यामुळे मोकळी जागा दिसली की पहिला ताबा त्यांचा. पाणपिसवा मागून येतायत, सावकाश.

काल १५ ऑक्टोबर. मराठवाड्यात ही तारीख माहीत नाही असा माणूस कमी. या दिवशी जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असलं तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं मेंढेगिरी समितीचं सूत्र. त्यावरून आंदोलनं होतात, कोर्टात जाणं होतं. यंदा धरण भरलेलं, म्हणून सगळं शांत. पण एखाद्या तुटीच्या वर्षी ऐन नोव्हेंबर-डिसेंबरात वरून पाणी सोडलं, तर माझ्या आलेखात हिवाळ्याच्या मधोमध एक छोटा पावसाळा उमटेल. वहीच्या पहिल्या पानावर मी 'ऋतू' असा रकाना आखला होता : पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. आज त्याच्या शेजारी आणखी एक आखला, 'पातळी आणि आवक'. खरं तर आधी हाच आखायला हवा होता.

९ नोव्हेंबर

दिवाळीला आजोळी आले. वहीला सुट्टी द्यायची ठरवली होती, पण गावाबाहेरची जुनी बारव पाहून राहवलं नाही. पायऱ्या उतरून बाटली भरली. घरी भिंगाखाली धरली तर सायक्लॉप्स, एक कोपेपॉडच. शेपटीकडे दोन अंडपिशव्या लटकवलेली मादी, झटके देत पोहणारी.

आजीला दाखवलं. तिला काही दिसलं नाही, पण "हे पाण्यातून पोटात गेलं की नारू व्हायचा" म्हटल्याबरोबर तिने लुगडं घोट्यावर सारलं. घोट्याच्या वर चवलीएवढा चकाकता डाग. लग्न होऊन आली त्या वर्षी बारवेचंच पाणी प्यायचे, सगळे पायऱ्या उतरून आत जायचे, पाय बुडवायचे. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब जंत. त्याची मादी पायातून बाहेर यायला लागली की आग थंड करायला माणूस पाण्यात पाय घालतो, आणि नेमकी तेव्हाच ती अळ्या सोडते. अळ्या सायक्लॉप्स गिळतो, सायक्लॉप्स माणूस गिळतो. वर्षभराने पुन्हा पायातून दोरा. आजी म्हणाली, "काडीला गुंडाळायचा, रोज थोडा. ओढला की तुटायचा, मग सगळा पाय सुजायचा. पेरणीच्या दिवसांत निम्मा गाव खाटेवर."

देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्यासाठी लस नव्हती, औषधही नव्हतं. बारवांत उतरणं बंद केलं, हातपंप आले, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं औषध टाकलं, आणि घरोघरी पाणी गाळायला कापड दिलं. आजीने अजूनही घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधलेलं असतं. मी सांगितलं, माझं जाळंही हेच. ती म्हणाली, "मग तू गाळून फेकतीस की गाळून ठेवतीस?"

ठेवते.

१२ जानेवारी

रत्नागिरी. समुद्री प्लवक ओळखण्याच्या चार दिवसांच्या वर्गाला आलेय. पहाटे मिरकरवाडा बंदरावर जाळं ओढलं. डिझेल, मासळी आणि ओल्या दोरांचा वास, ट्रॉलर लागतायत, बर्फाच्या लाद्या फुटतायत, कुणाचं आमच्याकडे लक्ष नाही. जाळं तेच, बाटली तीच. भिंगाखाली मात्र दुसरा देश.

सात महिने ज्यांच्यात बुडालेय ते ब्रॅकिओनस इथे नाहीतच. बहुतेक सगळे कोपेपॉड. त्यांच्यात काचेच्या काडीसारखे बाणकृमी, तोंडाशी आकडे. कपाळावर दोन शिंगं असलेला नॉप्लियस, तो बार्नॅकलचा. धक्क्याच्या खांबांना जे खरखरीत पांढरं चिकटलेलं असतं त्याचं बालपण हे. डोक्यावर लांब काटा असलेली खेकड्याची अळी. आमच्या धरणात प्लवक म्हणजे आयुष्यभर प्लवक. इथे बरेच जण फक्त लहानपणापुरते तरंगायला आलेले आणि मोठे होऊन खडकाला, वाळूला, धक्क्याला लागणारे. त्यामुळे बंदरातला ऋतू म्हणजे कुणाचं वीण घालण्याचं वेळापत्रक, हाही एक भाग.

शिकवणारे सर म्हणाले, इथे पावसाळ्याचा मुख्य धक्का क्षारतेचा. उघड्या समुद्रात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, पण नदीच्या तोंडाशी जुलैत ते धाडकन उतरतं. गोडं पाणी न सोसणारे बाहेर सरकतात, सोसणारे माजतात. समुद्रात पाणपिसवा असतात हे मला माहीत होतं, पण पश्चिम किनाऱ्यावर पेनिलिया आणि इव्हाडने या दोन समुद्री पाणपिसवांचे थवे ऐन पावसाळ्यात येतात, हे ऐकून मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. माझ्या धरणात जो महिना पाणपिसवांच्या गैरहजेरीचा, तोच इथे त्यांच्या जत्रेचा. त्याच काळात जून-जुलैमध्ये मासेमारीला ६१ दिवस बंदी. म्हणजे जत्रा भरते तेव्हा बंदरात ट्रॉलर नांगरून ठेवलेले.

भरती-ओहोटीचा रकाना मात्र माझ्याकडे नाही, आणि त्याचा थोडा हेवा वाटला. दिवसातून दोनदा हलणारं पाणी! आमचं पाणी वर्षातून एकदा वर, एकदा खाली.

२८ जानेवारी

'क'वर उत्तम नमुना. पाणी थंड, हात बधिर. हिरवी अंगठी थांबेना. सेरिओडॅफ्निया, डायाफॅनोसोमा, मोइना, सगळ्या पाणपिसवाच, आणि त्यांच्यात काही डॅफ्निया लुमहोल्ट्झी, डोक्यावर भाल्यासारखं टोकदार शिरस्त्राण आणि मागे तेवढाच लांब काटा. माशाचा वास पाण्यात असला की हे शिरस्त्राण लांबतं, लहान माशाला गिळायला ती जड जाते. मामांच्या मोबाइलवर फोटो पाठवला. उत्तर आलं : "कटला हेच खातो ना?" बरोबर. कटल्याचं वर वळलेलं तोंड वरच्या थरातले प्लवक गाळून खाण्यासाठीच. माझ्या अंगठ्यांवर जो आकडा चढतो तो शेवटी मामांच्या काट्यावर चढतो.

मार्च, नाथषष्ठी

रस्ते वारकऱ्यांनी भरलेले, एसटी पैठणच्या अलीकडेच थांबली. चालत गेले, नऊ वाजून गेले. नियम म्हणजे नियम. एका दिंडीत जेवले आणि परत आले.

१९ एप्रिल

आता जे दिसायला हवं होतं तेच दिसतंय, आणि नेमका तिथेच मला संशय आलाय.

निळी अंगठी सुसाट. ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस, ब्रॅकिओनस अँग्युलॅरिस, नाल्याच्या 'ब' जागेवर तर इतके की कप्प्याच्या एका चौकटीत चार-चार. सांडपाणी, शेतातलं खत, उष्णता, म्हणजे ब्रॅकिओनसला सण. त्यांच्यात अ‍ॅस्प्लांक्ना, पारदर्शक फुग्यासारखा मोठा रोटिफर, लहान रोटिफर अख्खे गिळणारा. ज्या नमुन्यात तो आहे तिथल्या कॅलिसिफ्लोरसच्या मागच्या कोपऱ्यांना लांब काटे, नाही तिथे आखूड किंवा नाहीतच. आईला शिकाऱ्याचा वास लागला की पिल्लं काटे घेऊनच जन्मतात. एका फुग्याच्या पोटात गिळलेला केराटेला दिसला, कवचासकट. हे बघत बसले तर मोजणी होत नाही.

तर संशय. प्रबंधात लोक लिहितात, 'उन्हाळ्यात घनता सर्वाधिक'. घनता म्हणजे लिटरमागे किती. पण लिटर किती उरलेत? जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), त्याखाली सुमारे २६ टीएमसी मृतसाठा. पेपरात रोज येणारे टक्के फक्त उपयुक्त साठ्याचे असतात. समजा ३० टक्के उरलं. उपयुक्त २३, अधिक मृत २६, मिळून ४९. भरलेलं असताना १०२ च्या वर. म्हणजे पाणी निम्म्याहून थोडं कमी. आता लिटरमागे संख्या दुप्पट झाली, तरी अख्ख्या धरणातले जीव तेवढेच! वाढ झाली नाही, दाटी झाली. लग्नघरात पाहुणे तेवढेच, पण दोन खोल्यांना कुलूप लागलं, असं.

अर्थात सगळे प्लवक सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, त्यामुळे तीन जागांच्या जिवावर अख्ख्या धरणाचा गुणाकार करणं धाडसाचं. पण ब्रॅकिओनस दुपटीच्या कितीतरी पुढे गेलाय, ती खरी वाढ. कोपेपॉड मात्र जेमतेम दीडपट. त्यांचा 'उन्हाळी उच्चांक' कागदावरचाच, प्रत्यक्षात ते घटलेत. मार्गदर्शकांना फोन केला. म्हणाले, "सगळे लिटरमागेच देतात, तुम्हीही द्या." देईन. शेजारी दुसरा रकानाही देईन.

आणि 'मृतसाठा' हा शब्द. सिंचनाच्या दृष्टीने मृत, कारण कालव्याच्या तोंडाखालचं पाणी. मे महिन्यात आख्खं धरण ज्या जिवांवर तगतं ते सगळे त्यातच असतात.

२० मे

पाणी मागे हटून 'अ'वर भेगाळलेला गाळ उघडा पडलाय. खाली बुडालेल्या एका घराचा जोत्याचा दगड दिसतो. ट्रॅक्टर लागलेत, शेतकरी गाळ भरून नेतायत.

मीही नेला, दोन किलो. गच्चीवर प्लास्टिकच्या टबात पसरला, वर उकळून गार केलेलं पाणी ओतलं म्हणजे नळातून काही आलं असा संशय नको. आईने विचारलं, मातीला पाणी का घालतेस, कुंडी तरी आण.

२६ मे

टबात हालचाल. आधी रोटिफर, आज मोइनाची एवढीशी पोरं. पाणी आटायला लागलं, गर्दी झाली की पाणपिसू नर जन्माला घालते आणि मग जाड कवचाची अंडी, पाठीवरच्या काळ्या खोगिरात. आई मरते, खोगीर गाळात पडतं, ४५ अंशाच्या उन्हात भाजतं आणि थांबतं. ट्रॅक्टरमागून मोकळ्या खोऱ्याने शेतात पसरलेला तो काळा गाळ पाहिला की आता मला दुसरंच काहीतरी दिसतं.

आईला भिंगातून मोइना दाखवली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हिचं काळीज दिसतंय गं, उडतंय बघ." खरंच दिसतं. पाठीला, डोळ्याच्या जरा मागे, मोजता येणार नाही इतक्या वेगाने.

३ जून

वर्ष झालं. 'क'वर जायला यंदा चप्पू अर्ध्या अंतरावरूनच टाकला, पाणीच तेवढं आत गेलंय. रोटिफर भरपूर, तबकडी हातभर खाली. १६ जुलैचा बाद नमुना, ऑगस्टच्या दोन आडव्या रेघा, सप्टेंबरचा 'क', नाथषष्ठीचा एक रिकामा रकाना, बाकी वही भरली. तासिकेची मुदत संपली तरी अजून एक पावसाळा मोजायचा ठरवलंय. आवकेचा रकाना मागच्या वर्षी ऑक्टोबरात आखला, पहिला लोंढा त्यात धरलाच गेला नाही.

परतताना मामांनी विचारलं, "नाशकाला किती झाला?"

मोबाइल काढून बघितलं. अजून काहीच नाही.

"मग जाळं धुऊन ठिवा," ते म्हणाले, "गाळ यायच्या आत."